म्हणावं, पाकिझे घरी आहे

भांडण नवरा-बायकोचं होतं, आणि ते ऐकायला पाकिझे काही कान लावून बसली नव्हती. ती आपली नेर्मिनची ताटली परत करायला गेली होती. शेजारणीची ताटली रिकामी परत द्यायची नसते, म्हणून सकाळी उठून पालक घालून पापुद्र्यांचं बोरेक भाजलं होतं, वर रुमाल झाकला होता, आणि ओल्या अंगणातून जपून पावलं टाकत ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आली होती. खिडकी उघडी होती. बंद असती तरी काही फरक पडला नसता, नेर्मिनचा आवाज खिडकीत मावणारा नव्हता.

"हे घर आहे का पोस्ट ऑफिस, ते एकदा सांगा मला!"

"हळू बोल गं," रिफात म्हणाला. रिफात म्हणजे तिचा नवरा, ऑलिव्हच्या तेलाचा व्यापारी. चेश्मेबाशी आळीत पहिला फोन आला तो याच्या घरी.

"का हळू? फोन आल्यापासून एक घास सुखाचा गिळलेला नाही मी. खाटकाच्या सासूचा फोन, न्हाव्याच्या मेव्हण्याचा फोन. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ती पाकिझे. तिचा भाऊ कुठल्या बंदरात उतरला की घंटा इथे वाजणार. मी हातातलं पीठ तसंच टाकून रस्ता ओलांडून तिला बोलवायला पळायचं. मोलकरीण म्हणून ठेवलंय का मला तिनं?"

"शेजारीण आहे."

"शेजारीण आहे तर मागायची काही रीत नको? दारातून आत येता येता 'ताई, फोन करू का गं' म्हणते, आणि माझं 'कर' बाहेर पडायच्या आत हात फोनवर! ओले मोजे माझ्या गालिच्यावर. मग इस्तंबूलच्या जहाज कचेरीला विचारत बसते, जहाज कुठे पोचलं, हिल्मी जेवला का. अहो, कचेरीला काय ठाऊक तो जेवला का?"

रिफात हसला. हसायला नको होतं.

"हसा, हसा. उद्या डायलला कुलूप घालते की नाही बघा."

"कुलूप कशाला? तिचे फोन येतात. येणाऱ्या फोनला कुलूप कुठून लावणार तू?"

"मग तिच्या तोंडावरच सांगते. बाई गं, दुसऱ्याच्या घरचं असं हक्कानं उचलायला लाज कशी वाटत नाही तुला?"

पाकिझेनं ताटली अंगणातल्या कट्ट्यावर ठेवली. रुमालाचं टोक वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली सारलं, आणि आली तशी परत गेली. लाज वाटली होती. वाईट हे, की नेर्मिन बोलत होती त्यातलं खोटं काहीच नव्हतं.

आई गेली तेव्हा हिल्मी पाकिझेच्या कमरेएवढा होता. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं, आणि लग्न करून साबरीच्या घरी आली तेव्हा हुंड्याच्या पेटीबरोबर त्यालाही आणलं. साबरी गरीब स्वभावाचा होता, म्हणाला, पेटीपेक्षा हा हलका आहे. मोठा झाल्यावर पोरगा जहाजावर खलाशी म्हणून लागला. कोळसा नाही तर सिमेंट भरून काळ्या समुद्राच्या काठाकाठानं जाणारी म्हातारी जहाजं. पण एक नेम त्यानं कधी मोडला नाही. नांगर उचलायच्या आधी बंदरातून फोन करायचा आणि म्हणायचा, "ताई, निघतोय. हक्क हलाल कर."

पाकिझे नेर्मिनच्या बैठकीत उभी राहून ओरडायची, "हलाल असो बाळा, शंभरदा हलाल असो!" लांबचं बोलणं म्हणजे ओरडूनच बोलायचं, अशी तिची समजूत.

आमच्याकडे लांबच्या वाटेला निघणारा माणूस हे मागून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. फौजेत जाणारा असो, ऑपरेशनला जाणारा असो, मक्केला जाणारा असो. कधी तुझं काही खाल्लं असेल, तुला काही बोललो असेन, तुझा माझ्यावर जो काही हक्क उरला असेल तो सोडून दे, एवढाच त्याचा अर्थ. समोरच्यानं "हलाल असो" म्हटलं की पाठीवरचं ओझं उतरलं. मेल्यावर मशिदीच्या अंगणात इमामही लोकांना हेच विचारतो. पण तेव्हा ज्याला ऐकायचं तो निघून गेलेला असतो.

ताटलीनंतर पाकिझे नेर्मिनच्या घरी फोन करायला गेली नाही. मनाशी ठरवलं, हिल्मीला कळवायचं, यापुढे बाजारातल्या पोस्टात फोन कर, मी तिथे येऊन थांबत जाईन. ते कळवायचं राहून गेलं, कारण ऑलिव्ह उतरायला लागले होते. आणि एक दिवस ती अंगणात बसून दगडानं हिरवे ऑलिव्ह ठेचत असताना फाटक वाजलं. नेर्मिन धापा टाकत उभी होती. दोन्ही हातांना पीठ.

"पाकिझे, चल चल, हिल्मी आहे! जरा वेळानं पुन्हा लावतो म्हणालाय. ऊठ की!"

पाकिझेनं त्या पिठाच्या हातांकडे बघितलं.

"तुम्हाला उगाच त्रास झाला, नेर्मिनबाई."

काल-परवापर्यंतची ताई आज बाई झाली आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं. नेर्मिनच्या ते लक्षात आलं. लक्षात न यायला ती काही बहिरी नव्हती.

"अगं, त्रास कसला त्यात? चल."

"माझे हात भरलेत. त्याला म्हणावं, पाकिझे घरी नाहीये."

"घरी नाहीये?"

"हो. तसंच म्हणा. एवढी तसदी घ्याच माझ्यासाठी."

इतक्या गोड आवाजात म्हणाली की ऐकणाऱ्याला वाटावं, चहाचा आग्रह चाललाय. नेर्मिन क्षणभर उभी राहिली, आणि गेली. पाकिझे ऑलिव्ह ठेचत राहिली. एकेका दगडाखाली नेर्मिनच ठेचली जात होती म्हणा ना. हिल्मीचं काय, पुढच्या बंदरातून करील फोन, असं तिला वाटलं.

पुढचं बंदर आलं नाही. वादळात जहाज गेलं, माणसं गेली, हाताला काही लागलं नाही. बातमी आली तीसुद्धा त्याच फोनवर. या वेळी सांगायला रिफात आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. त्या दिवशी पाकिझे "तुम्हाला उगाच त्रास" म्हणाली नाही.

समोर प्रेत नव्हतं, तरी मयताची नमाज झाली. इमामानं विचारलं, अंगणातली माणसं म्हणाली, हलाल असो. मागे बायकांत उभी राहून पाकिझेनंही म्हटलं. पण तिच्या मनात एकच घोळत राहिलं: पोरगा माझ्या तोंडून हलाल न ऐकता गेला. मी घरी असून गेला.

त्यानंतर दोघी बायका समोरासमोरच्या घरांत म्हाताऱ्या झाल्या. ताटल्या रस्ता ओलांडून येत-जात राहिल्या, एकही कधी रिकामी गेली नाही. सणाला एकमेकींच्या घरी जाणं झालं, हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतणं झालं, "कशा आहात नेर्मिनबाई," "बरी आहे पाकिझे, तू कशी?" सगळं झालं. साबरी गेला तेव्हा नेर्मिननं पातेलंभर सूप पाठवलं, रिफात गेला तेव्हा पाकिझेनं हलवा ढवळला. विचारायचं तेवढं राहिलं. त्या दिवशी हिल्मीनं परत फोन केला का? काय म्हणाला? पाकिझेच्या ओठावर कितीदा आलं असेल. पण विचारायचं म्हणजे ताटलीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि ताटलीपर्यंत तिची जीभ जाईना. आणि समजा नेर्मिन म्हणाली असती, "तुझा हलाल मागत होता, तू नव्हतीस"? ते ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र फोन कधी आला नाही. सगळ्या आळीत आला, तिच्याकडे नाही. पुढे बुर्साहून लेकीनं, गुल्तेननं, मोबाइल आणून दिला. पाकिझेनं त्याला क्रोशाचं झबलं विणलं, वर बारीक गुलाब काढला आणि कॉफीच्या कपांशेजारी काचेच्या कपाटात मांडून ठेवला. कपांसारखाच, पाहुण्यांसाठी.

"आई, अगं तो वापरायचा असतो!"

"घरात फोन असला की वाजणार. वाजला आणि मी घरी नसले तर?"

"तर परत करू आम्ही. त्यात काय?"

"परत करता येतोच असं नाही," पाकिझे म्हणाली, आणि कपाटाची काच रुमालाच्या टोकानं पुसून घेतली.

म्हणून दर शुक्रवारी, दुपारची नमाज सुटली की ती बाजारात जायची आणि कुणाकडून तरी फोन मागून लेकीला करायची. तिचं ते मागणं सगळ्या गावाला पाठ झालं होतं. आधी समोर जाऊन उभी राहायची, पण अगदी समोर नाही, जरा बाजूला, म्हणजे समोरच्याला नको असेल तर न बघितल्यासारखं करून निघून जाता यावं. मग म्हणायची, "बाळा, तुझं काम अडणार नसेल, आणि मनात जराही नको असं नसेल, तर तुझा फोन मला एक मिनिट देशील का? नको असेल तर नको म्हण, मला वाईट वाटणार नाही."

हे ती न्हाव्याला म्हणाली आहे, गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लागलेला असताना. पावती फाडणाऱ्या पोलिसाला म्हणाली आहे. एकदा तर सजवलेल्या मोटारीत बसायला निघालेल्या नवरदेवाला म्हणाली, त्यानं दिला, आणि नवरी बोलली, "बघा हं आजी, मला अजून एकदाही हातात दिलेला नाही यानं!" समोरच्याचा चेहरा जरा जरी अवघडला तरी ती मागे सरायची. "राहू दे, राहू दे, मला आठवलं, आज लेक घरी नसते." दोन शुक्रवार एकाच माणसाकडे जायचं नाही, हा तिचा नियम. औषधाच्या दुकानातली बाई म्हणून म्हणून थकली, "मावशी, दर वेळी इथेच येत जा ना, मला काय जड आहे का?" पाकिझे मान डोलवायची, आणि पुढच्या शुक्रवारी लोहाराकडे.

शाळेत नवीन आलेल्या मास्तरीणबाईंनी एकदा हसून सांगितलं, "आजी, एवढं लांबलचक कशाला? 'जरा फोन देता का' म्हटलं तरी पुरे होतं."

"मागणं आखूड केलं की हात लांब होतो, पोरी," पाकिझे म्हणाली. "मला माहीत आहे. माझा झाला होता एकदा."

मास्तरीणबाईंना काही कळलं नाही, पण फोन त्यांनी दिला.

बोलून झालं की फोन डोक्याच्या रुमालाच्या टोकानं पुसायचा, दोन्ही हातांनी परत द्यायचा, खिशातून अक्रोड भरलेलं सुकं अंजीर काढून त्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "हक्क हलाल कर, बाळा." एक मिनिटाच्या फोनसाठी! लग्नात पोरंसोरं तिची नक्कल करायची. एखादा डोक्याला रुमाल बांधून पाकिझे व्हायचा आणि मेंढीला म्हणायचा, "तुझं काम अडणार नसेल तर..." पाकिझेही हसायची. सगळ्यांत आधी तीच हसायची.

ती गेली झोपेत, मागच्या शरदात, एका शुक्रवारच्या रात्री, ऑलिव्ह उतरत असताना. मशिदीच्या अंगणात दगडावर तिची शवपेटी ठेवली आणि इमामानं विचारलं, "हक्क हलाल करता का?" तेव्हा न्हावी, लोहार, पोलीस, तो नवरदेव, आता त्याचं टक्कल पडलंय, सगळे एका आवाजात म्हणाले, "हलाल असो!" तीनदा विचारलं, तीनदा म्हणाले. छपरावरची कबुतरं उडाली. मागच्या रांगेत एक कुरियरवाला तरुण गणवेशातच उभा होता. गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो शेजारच्याला सांगत होता, "यांच्यासाठी माझ्या मोबाइलवर मक्केहून परत फोन आला होता. निरोप द्यायला घरी गेलो, तर दारात चपलाच चपला." नेर्मिन त्या गर्दीत नव्हती. ती तेव्हा मक्केलाच होती.

ती मक्केला निघाली इथूनच खरं तर पुन्हा सुरुवात करायला हवी.

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जायचं ठरलं तशी नेर्मिन काठी टेकत टेकत आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन आली. प्रत्येक दारात हक्क हलाल करून घेतला, प्रत्येक दारात रडली, दोन दारांत चहा घेतला. पाकिझेचं दार बरोबर समोर, पण तिथे ती सगळ्यांत शेवटी आली.

"परवा निघायचंय," उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "सूनबाई आहे बरोबर, फेर्दा."

"अल्ला कबूल करो. बसा, चहा टाकते."

"बसत नाही. बसले तर हे गुडघे मला मक्केऐवजी तुझ्याच घरी ठेवतील. पाकिझे, हक्क हलाल कर."

"काय घेतलंय तुम्ही आमचं, नेर्मिनबाई? हलाल अ..."

"थांब!" नेर्मिननं काठी फरशीवर आपटली. "असा नको. पोस्टातला माणूस पाकिटावर शिक्का मारतो तसा नको. आधी ऐक, मग वाटलं तर दे. ती ताटली मी बघितली होती."

"कुठली ताटली?" पाकिझेनं विचारलं. हात मात्र चौकटीवर घट्ट झाला होता.

"उगाच वेड पांघरू नकोस. कट्ट्यावरची. ताटली माझी, रुमाल तुझा, बोरेक अजून गरम. म्हणजे मी तोंड सोडलं होतं तेव्हा तू खिडकीशी होतीस. रिफात म्हणाला, जा, आत्ताच्या आत्ता जा तिच्याकडे. मी म्हटलं, उद्या जाते." ती थांबली. "बोरेक मात्र खाल्लं. सगळं. फार छान झालं होतं."

पाकिझेला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतक्या वर्षांत घशाशी अडकलेलं भलतंच काहीतरी बाहेर आलं.

"त्यानं परत फोन केला होता?"

"केला."

"काय म्हणाला?"

नेर्मिननं काठीवर दोन्ही हात ठेवले. "मी म्हटलं, पाकिझे घरी नाहीये. तर हसायला लागला. म्हणाला, वहिनी, ऑलिव्ह ठेचायचे सोडून ताई या दिवसांत जाते कुठे? रुसलीय का माझ्यावर? मी म्हटलं, तुझ्यावर नाही रे. एवढं तरी म्हटलं मी. मग म्हणाला, बरं, आल्यावर काढतो रुसवा, पण आता नांगर उचलतायत, हलाल घेतल्याशिवाय मला निघता येत नाही. तुम्हीच द्या ताईच्या नावानं."

"मग?"

"मग दिला मी. म्हटलं, पाकिझे म्हणते, हलाल असो बाळा, शंभरदा हलाल असो. तुझ्यासारखंच ओरडून म्हटलं. माझ्याच बैठकीत इतक्यांदा ओरडली होतीस, पाठ होतं मला."

रस्त्यावरून कुणाची तरी गाढवगाडी ऑलिव्हची पोती घेऊन गेली.

"दुसऱ्याचा हक्क असा परस्पर देता येतो?" पाकिझे म्हणाली.

"नाही येत. मला का ते कळत नाही? तुझा होता, मी न विचारता वापरला. तुला मागायची रीत शिकवायला निघाले होते, आणि हे केलं. मग तो गेला, आणि मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"इतकी वर्षं समोर राहिलात. रस्ता ओलांडता आला नाही?"

"नाही आला."

"तेव्हा तर पीठ टाकून पळत यायचात."

हे फार लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. पण नेर्मिन जागची हलली नाही, "हलाल" या एका शब्दासाठी उभी राहिली. पाकिझेनं दार लावलं. आपटलं नाही, दारसुद्धा ती रीतीनंच लावायची. पण लावलं. जरा वेळानं फटीतून एक चिठोरी आत सरकली, वर फेर्दाचा नंबर. बाहेरून आवाज आला, "वाटलं तर." मग काठीचा आवाज रस्ता ओलांडून गेला.

यात्रेकरूंची बस निघाली तेव्हा सगळी आळी बाहेर आली होती. निघालेला माणूस पाण्यासारखा सहज जावा, सहज परत यावा म्हणून त्याच्या मागे रस्त्यावर पाणी ओततात. पाकिझेनंही तांब्या भरून घेतला होता. पडद्याआडून बघितलं, नेर्मिन बसच्या खिडकीतून हिच्या दाराकडे बघत होती. बस वळली, बायकांनी पाणी ओतलं. पाकिझेचा तांब्या ओट्यावर भरलेलाच राहिला. संध्याकाळी तिनं ते पाणी झाडाला घातलं.

त्या दिवसांत तिला जेवण गेलं नाही. आधी नुसता राग. माझा शब्द, माझा भाऊ, आणि बोलणारी ही कोण? ऑलिव्ह ठेचायला बसायची आणि दगड हातातच राहायचा. मग हळूहळू दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. हिल्मीला कुठे माहीत होतं तो शब्द नेर्मिनचा? त्याच्या कानात तर ताईचाच हलाल पडला. तो हसत निघाला असेल, खिशात हात घालून, शीळ घालत. आयुष्यभर तिनं त्याला रिकाम्या हातानं गेलेला बघितलं होतं, आणि तो रिकाम्या हातानं गेलाच नव्हता. ज्या बाईच्या तोंडावर आपण दार लावलं, तिनं त्याला जाऊ दिलं नव्हतं तसं. उलट आता नेर्मिनच गेली होती रिकाम्या हातानं. म्हातारी, गुडघे गेलेली, लांबच्या वाटेला. आणि दाराआड कोण होतं? तीच पाकिझे. घरी असून नसलेली. पहिल्या वेळी निदान वय कमी होतं, अक्कल नव्हती म्हणता आलं असतं. आता काय म्हणणार?

शुक्रवारी नमाज सुटली. पाकिझेनं स्वच्छ रुमाल बांधला, खिशात अंजीर टाकलं, चिठोरी मुठीत धरली आणि बाजारात गेली. औषधाच्या दुकानासमोर एक कुरियरवाला तरुण गाडीतून खोकी उतरवत होता. नवीन दिसत होता, म्हणजे चालेल. ती त्याच्या जरा बाजूला जाऊन उभी राहिली.

"बाळा, तुझं काम अडणार नसेल, आणि मनात जराही नको असं नसेल, तर तुझा फोन मला एक मिनिट देशील का? नको असेल तर नको म्हण, मला वाईट वाटणार नाही."

पोरानं खोकं खाली ठेवलं. "आजी, एवढ्या प्रेमानं तर माझी बायकोपण काही मागत नाही. आणा नंबर, मीच लावून देतो."

पलीकडे फेर्दानं उचलला. मागे माणसांचा गलका होता.

"फेर्दा बाळा, मी समोरची पाकिझे. तुझं काम अडणार नसेल तर सासूबाईंना दोन शब्द..."

"अय्या, पाकिझे मावशी! आईंना ताप भरलाय हो कालपासून. काळजीचं नाही म्हणाले डॉक्टर. आत्ताच औषध घेऊन डोळा लागलाय. उठवू का?"

पाकिझेनं चिठोरीची घडी घातली. मग म्हणाली, "नको. झोपू दे."

"काही सांगायचं का?"

"सांग, पाकिझेचा फोन होता. म्हणावं, हलाल असो नेर्मिनताई, शंभरदा हलाल असो. आणि हे मी माझ्या तोंडानं म्हणतेय, माझ्या नावानं दुसरं कुणी नाही, तेही सांग. आणि म्हणावं, तो जो दिला होता तिनं, तोही मी कबूल केला. तिला कळेल."

"सांगते मावशी. रडताय का तुम्ही?"

"कशाला? रस्त्यात उभी आहे मी, लोक आहेत. ठेवते, पोराचं काम अडतंय."

लेकीला फोन करायचा राहिला. पण एका माणसाकडे दोन फोन मागायचे नसतात, आणि तसंही गुल्तेन ओरडली असती, कपाटातला वापर म्हणून. पाकिझेनं फोन रुमालाच्या टोकानं पुसला, एक बाजू, मग दुसरी बाजू, आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"आजी, पण त्यांनी उठल्यावर परत फोन केला तर?" पोरगा म्हणाला. "नंबर तर माझा गेलाय. त्यांना सांगू काय?"

इतक्या शुक्रवारांत हे कुणी विचारलं नव्हतं. पाकिझे तिथेच उभी राहिली. खोकी आत न्यायला औषधवाली बाई बाहेर आली, बघून परत आत गेली.

"म्हणावं, पाकिझे घरी आहे."

"एवढंच?"

"एवढंच. चेश्मेबाशी आळी, नळाच्या समोर. तुला त्या बाजूला यायचं झालं आणि काम अडणार नसेल, तर मलाही येऊन सांग." तिनं खिशातलं अंजीर काढून फोनवर ठेवलं. "हक्क हलाल कर, बाळा."

"हलाल असो, आजी."

मनापासून म्हणतोय का, ते नेहमीसारखं त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं तपासलं. मग कोपऱ्यावरच्या भट्टीतून एक पाव घेतला, त्याचं गरम टोक मोडून तोंडात टाकलं, आणि घरी गेली.